सगळ्यात वर दिसणारं उत्तर

कुलूपवाल्याच्या घरात त्या दिवशी वेबसाइटवरून जुंपली, आणि तीही भरल्या ताटावर. कारण साधं होतं. दुकानातला फोन वाजायचा बंद झाला होता.

एके काळी किल्ली हरवली की लोक सासऱ्यांचं नाव घ्यायचे. पन्नास वर्षं त्यांनी दुसऱ्यांची दारं उघडली. मुलगाही त्याच हाताचा निघाला. पण आता माणसं आपल्याच दाराबाहेर अडकली की शेजाऱ्याला विचारत नाहीत, खिशातल्या फोनला विचारतात. आणि फोन सांगायचा सहा मोटरसायकली पळवणाऱ्या एका कंपनीचं नाव. कंपनी जाहिरातीला पैसे मोजायची आणि सगळ्यात वर बसायची.

वेबसाइट करून देणारा माणूस सकाळी येऊन दोन रस्ते समजावून गेला होता. एक, पैसे भरा आणि आजच्या आज वर या. पैसे थांबले की तुम्हीही गायब. दुसरा, लोक जे शोधतात त्याची चांगली, खरी उत्तरं वेबसाइटवर लिहीत राहा. चार-सहा महिने जातील, पण एकदा वर आलात की आपोआप वर राहाल, कोणाला दमडी द्यायला नको.

"टँकर आणि विहीर," सासरे म्हणाले. त्यांना लगेच कळलं.

"मग टँकरच मागवू," मुलगा म्हणाला. "तहान आत्ता लागलीय. विहीर खणेपर्यंत दुकानाला टाळं लागायचं, आणि तेही आपल्याच हातचं."

"मी लिहिते," सून म्हणाली.

ती हे बोलली आणि दोघांनी जेवता जेवता मान वर केली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण दुकानात तिचा उपयोग फोन उचलण्यापुरता. तिच्या हातात कानस दिली तर किल्ली सोडून बोटच घासायची. आधी ती एका छापखान्यात मजकूर तपासायची. लिहिण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण कुलपांच्या घरात त्याला विचारतो कोण? तिला या घरात स्वतःची अशी एक गोष्ट हवी होती. खरं सांगायचं तर तिला विहीर हवी होती ती दुकानापेक्षा स्वतःसाठी.

"लिहू दे तिला," सासरे म्हणाले. "तशीही ती गप्प बसणाऱ्यातली नाही. निदान कागदावर बोलेल."

मग रोज दुपारी, दुकानात वर्दळ नसली की ती वही घेऊन सासऱ्यांपाशी बसू लागली. ते किल्ली घासत, चष्म्यावरून बघत सांगायचे. किल्लीचा तुकडा कुलपात मोडला तर काय करावं. तिजोरीचा आकडा वारलेल्या माणसालाच ठाऊक असेल तर काय करावं. आतून कडी लावून घेतलेल्या दोन वर्षांच्या पोराला दारामागून कसं खेळवावं. ती ते सगळं प्रश्न आणि उत्तर अशा रूपात लिहायची, कारण लोक तसंच शोधतात.

सासऱ्यांचा एक नियम होता. दाराला हत्यार लावायच्या आधी ते टकटक करायचे आणि आत कोण आहे, उघडू का, असं विचारायचे. घर रिकामं आहे असं मालक शपथेवर सांगत असला तरी विचारायचे.

"लोक हसत नाहीत का हो बाबा?"

"हसू दे. घर कोणाचंही असो, दार आतल्याचं असतं."

"आणि आतला नाही म्हणाला तर?"

"तर मी हत्यारांच्या पेटीवर बसतो. विडी ओढतो. घाई बाहेरच्याला असते, पैसेही तोच देतो, म्हणून माणूस चुकतो." मग थोडं थांबून म्हणाले, "मीही एकदा चुकलोय. ते लिहू नकोस."

ते नक्की काय झालं होतं हे तिने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

चार महिन्यांत विहिरीला पाणी लागलं. एक एक लेख वर चढत गेला. फोन वाजू लागला. गिऱ्हाईक म्हणायचं, "तुमचं ते मोडक्या किल्लीचं वाचलं हो, अगदी आमच्यासारखंच." नवरा पेटी उचलून दिवसातून चार वेळा मोटरसायकलवर पळू लागला आणि घरी येऊन बापाला सांगू लागला, "तुमच्या सुनेनं दुकान वर काढलं." ती स्वयंपाकघरात उभी राहून ते ऐकायची आणि उगाच भांडी परत लावायची.

पण पन्नास वर्षांच्या गोष्टी झाल्या तरी त्या संपतातच. सासरे तीच तीच कहाणी तिसऱ्यांदा सांगू लागले. तिकडे वेबसाइटवाला म्हणायचा, दर आठवड्याला नवा प्रश्न हवा, नाहीतर खाली घसराल.

"नवे प्रश्न आणू कुठून? लोकांनी विचारायला नकोत का?"

"लोकांनी विचारले नसतील तर तुम्ही विचारा, मॅडम. सगळेच तसं करतात."

तेव्हा ती मनाने प्रश्न रचू लागली. एका दुपारी तिने लिहिलं: 'दार आतून बंद आहे. आत आपलंच माणूस आहे आणि ते म्हणतंय, उघडू नका. काय करावं?'

लिहून झाल्यावर तिला तो प्रश्न फार आवडला. वाचणाऱ्याला थांबवणारा होता. उत्तर काय द्यायचं हे तिला ठाऊक होतं. सासऱ्यांनी ते तिच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. पण बसून राहा, वाट बघा, असं लिहिलं तर फोन कोण करणार? बसायला काय कुलूपवाला लागतो? मग तिने लिहिलं: 'आतल्या माणसाचं ऐकू नका. घाबरलेलं माणूस असंच बोलतं. वेळ न दवडता दार उघडून घ्या. आम्हाला फोन करा, वीस मिनिटांत पोहोचतो.'

एरवी ती प्रत्येक लेख सासऱ्यांना वाचून दाखवायची. हा दाखवला नाही.

आठ दिवसांत तो सगळ्यात वर गेला. इतर लेखांना महिने लागले होते. लोक काय शोधत वेबसाइटवर आले याचा अहवाल तिला दर सोमवारी मिळायचा. त्यात तिचाच प्रश्न, शब्द न शब्द तसाच, पहिल्या आठवड्यात तीन जणांनी विचारलेला होता. पुढच्या आठवड्यात चाळीस जणांनी. आपण बसल्या जागी रचलेलं वाक्य चाळीस अनोळखी माणसं चाळीस घरांतून तसंच्या तसं विचारतात, हे बघून तिला आधी हसू आलं. बोलाफुलाला गाठ पडते कधी कधी, म्हणून तिने ते सोडून दिलं.

मग पहिला फोन आला. पुरुषाचा आवाज, दबका.

"आई आत आहे. बाथरूममध्ये. बरी आहे, बोलतेय. पण म्हणते, दार उघडू नका. तुमचं वाचलं, म्हणून फोन केला."

तिने वहीत लिहून घेतलं: पत्ता, वेळ, 'आई आत, उघडू नका म्हणतात.' नवरा गेला आणि तासाभरात परत आला.

"कशा आहेत त्या?"

"कोण?"

"त्याची आई."

"कुठली आई? माणूस एकटा राहतो. कडी आपोआप पडली होती. उघडलं, आत कोणी नव्हतं." त्याने हात धुतले आणि जेवायला बसला.

तिला वाटलं, आपलीच ऐकण्यात चूक झाली. दुसरा फोन एका बाईचा होता. भाऊ आत होता. नवरा येऊन म्हणाला, आत कोणी नव्हतं. तिसरा एका म्हाताऱ्याचा, त्याची बायको माळ्यावरच्या खोलीत होती. आत कोणी नव्हतं.

गिऱ्हाइकांनी दिलेले शेरे वेबसाइटवर यायचे तेही तीच वाचायची, कारण चांगले शेरे मिळाले की वेबसाइट वर चढते. त्या बाईने पाच तारे देऊन लिहिलं होतं: 'मी एकटीच राहते. खोलीची कडी आपोआप लागली होती. दादा वेळेवर आले, फार सभ्य माणूस.' म्हाताऱ्याने लिहिलं होतं: 'मी लग्न केलं नाही, त्यामुळे मदतीला कोणी नसतं. यांनी लगेच दार उघडून दिलं.'

तिने वही उघडली. तिच्याच अक्षरात होतं: 'बायको आत. म्हणतात, ऐका हो, उघडू नका.' तिने ते तीनदा वाचलं आणि तिची पाचावर धारण बसली.

तिने पहिल्या माणसाला फोन लावला. दुकानातून बोलतेय, काम ठीक झालं ना, असं विचारून मग हळूच म्हणाली, "आई कशा आहेत?"

"कोणाची आई?"

"तुमची."



"मला आई नव्हती," तो म्हणाला.

"अहो, सगळ्यांना असते."

"असेल." मग तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "बाई, एक विचारू? घरात एक चष्मा सापडलाय. माझ्या नंबरचा नाही. तुमच्या माणसाचा राहिला का?"

तिने फोन ठेवला.

आता कोणी म्हणेल, त्याच क्षणी तिने तो लेख पुसायला हवा होता. हवाच होता. पण त्या एका लेखामुळे अख्खी वेबसाइट वर राहत होती, आणि रोज संध्याकाळी नवरा तिचं कौतुक करत होता. सहा वर्षांत पहिल्यांदा तिच्या जिवावर घर चाललं होतं. उद्या पुसू, परवा पुसू, आधी नीट खात्री करू, असं म्हणत तिने दोन आठवडे काढले. त्या दोन आठवड्यांत वहीत आणखी आठ माणसं लिहिली गेली. ती लिहायची, नवऱ्याला पत्ता द्यायची, आणि तो परत येईपर्यंत देवाची करुणा भाकायची. लाज वाटत होती, पण फोनही उचलत होती.

खात्री झाली ती बाराव्या फोनला. नवऱ्याच्या मोटरसायकलचं चाक बसलं आणि तो वाटेतच अडकला. दोन तासांनी त्या गिऱ्हाइकाचा पुन्हा फोन आला. आता वैतागणार, म्हणून तिने माफी मागायला तोंड उघडलं.

"नका पाठवू कोणाला," तो माणूस म्हणाला. "वडील आले बाहेर. आपणहून."

"आले? बरे आहेत?"

"पाणी प्यायले आणि खुर्चीत बसलेत. जरा गप्प आहेत."

"तुम्ही काय केलंत? नक्की काय केलंत?"

"काही नाही हो. तुमचा माणूस येईना, म्हणून दाराशी बसलो. त्यांच्या जुन्या सायकलीबद्दल बोलत बसलो. मग कडी वाजली."

ती उठली, पुढे दुकानात गेली आणि सासऱ्यांना सगळं सांगितलं. वही पुढे ठेवली. ते हसतील, असं तिला वाटलं होतं; तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी किल्ल्या कापायचं यंत्र बंद केलं.

"आतल्याचं ऐकू नका, असं लिहिलंस तू? माझ्या दुकानाच्या नावावर?"

"हो."

"पूस ते. आत्ता."

"बाबा, तुम्ही मागे म्हणालात, एकदा चुकलो म्हणून..."

"पूस म्हणतो ना."

तिने त्यांच्यासमोर तो लेख पुसला. पण दुसऱ्या दिवशी शोधून बघितलं तर उत्तर तिथेच, सगळ्यात वर. वेबसाइटवर पान नव्हतं, तरी शोधणाऱ्याला तिचे शब्द दिसत होते. खाली आणखी चार ठिकाणी तेच उत्तर होतं. सहा मोटरसायकलवाल्यांनीही ते जसंच्या तसं उचललं होतं, फक्त वीस मिनिटांची पंधरा केली होती. तिने वेबसाइटवाल्याला फोन केला.

"मॅडम, वर चढायला वेळ लागतो तसा उतरायलाही लागतो," तो म्हणाला. "आपोआप वर आलेलं आपल्या हातात नसतं. आणि चांगलं चाललंय की, खाली कशाला आणता?"

"त्याच्याही वर काही येऊ शकतं का?"

"एकच गोष्ट. पैसे भरून दिलेली जाहिरात."

जिने टँकर नको म्हणून ताटावर भांडण केलं, तिनेच मग टँकर मागवला. जाहिरात एकाच प्रश्नासाठी होती, तिच्या स्वतःच्या प्रश्नासाठी. मजकूर सासऱ्यांनी सांगितला आणि तिने लिहिला: 'दार उघडू नका. दाराशी बसा आणि बोलत राहा. तुमचं माणूस स्वतः बाहेर येईल.' खाली फोन नंबर नाही, दुकानाचं नाव नाही, काही नाही.

दहा दिवस तसला एकही फोन आला नाही. अहवालात मात्र दिसत होतं की माणसं प्रश्न विचारताहेत, जाहिरात वाचताहेत, आणि पुढे कुठेही जात नाहीत. कुठल्या कुठल्या घरांत, कुठल्या कुठल्या दारांशी ती बसली असतील आणि बोलत असतील, या विचाराने तिला पहिल्यांदा धड झोप लागली.

अकराव्या दिवशी नवऱ्याला जाहिरात सापडली.

"फोन नंबर नसलेली जाहिरात!" तो म्हणाला. "आणि त्यात काय, तर कुलूपवाल्याला बोलावू नका! अगं, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी जाहिरात द्या म्हणत होतो तेव्हा नको होती, आणि आता ही?"

तिने त्याला खरं ते सांगितलं. वही दाखवली. त्याने ती शांतपणे वाचली, आणि तिला वाटलं, कळलं याला.

"ही सगळी दारं मी उघडलीत," तो म्हणाला. "माझ्या हातांनी. आत मी बघितलंय. कोणी नव्हतं. एकाही ठिकाणी कोणी नव्हतं."

"तेच तर सांगतेय मी."

"तू दमलीयस." त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच तिची काळजी वाटत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता त्याने फोनवर एक बटण दाबलं आणि जाहिरात थांबवली. जाहिरातीचं तेवढं सोपं असतं. तिला त्याने सांगितलं नाही, उगाच पुन्हा वाद नको म्हणून.

त्याच दुपारी ती मागच्या खोलीत बसली होती. ज्या चार ठिकाणी उत्तर उचललं होतं त्यांना ती पत्र लिहीत होती, कृपया तो मजकूर काढा म्हणून. पुढे सासरे किल्ल्या कापत होते आणि यंत्राचा आवाज डोक्यात घुसत होता. तिने दार लोटलं, कडी लावली आणि लिहीत राहिली.

तहान लागली म्हणून ती उठली. कडीला हात लावला. कडी हलली नाही.

ती अडकली नव्हती. अडकलेली कडी हाताला कळते. इतकी वर्षं कुलूपवाल्याच्या घरात राहून एवढं तिलाही कळत होतं. ही कडी नुसती जागच्या जागी होती, भिंत असते तशी. तिने पुन्हा ओढली. मग एकदम तिच्या ध्यानात आलं की ती भिजल्या कपड्यांत उभी असल्यासारखी काकडतेय, आणि खोलीतलं सगळं जिथल्या तिथे आहे: टेबल, उघडा लॅपटॉप, वाळत घातलेला टॉवेल. फक्त तीच नीट नव्हती. तिचा हात कडीवर होता, पण लोखंडाचा गारवा हाताला लागत नव्हता.

बाहेरून टकटक झाली.

"अगं, चहा ठेवतेस का?"

"उघडू नकोस," ती म्हणाली.

आपल्या तोंडून हे बाहेर पडल्यावर तिला कळलं, ती सगळी माणसं असं का म्हणत होती. त्यांना कोणी सांगावं लागलं नव्हतं. दार बंद होतं तोवर ती होती. जे काही चाललं होतं त्यातून बाहेर यायला थोडा वेळ लागणार होता, आणि बाहेर पडायचं होतं ते आपल्याच हाताने. बाहेरच्याने दार उघडलं तर त्याला रिकामी खोली दिसणार होती.

"काय झालं?"

"काही नाही. मी बरी आहे. कडी निघेना. तू उघडू नकोस, मी काढते. बाबांना बोलव."

"बाबांना यंत्रात काय ऐकू येतंय? थांब, पट्टी आणतो."

"नको! ऐक माझं. तू बस दाराशी. माझ्याशी बोल."

"काय बोलू?"

"काहीही. आपली पहिली खोली आठव. भाड्याची."

तो बसला असावा. त्याचा आवाज खालून आला. "ती गळकी? बादली ठेवायचो आपण पलंगावर. आणि तू म्हणायचीस, बादलीला मधे झोपवू..." तो हसला. तिच्या बोटांना एकदम लोखंड लागलं, गार. कडी केसभर सरकली.

"बोल, बोल. थांबू नकोस."

"अगं पण तुझा आवाज असा का येतोय? लांबून आल्यासारखा?"

"येऊ दे. तू बोल."

पण तो बोलला नाही. बाहेर फोनवर बोटं आपटत होती. ती दाराला गाल लावून उभी राहिली. जाहिरात वर असेल, तिने स्वतःला सांगितलं. तीच दिसेल त्याला पहिल्यांदा.

"हे बघ," तो म्हणाला आणि वाचू लागला. "'आतल्या माणसाचं ऐकू नका. घाबरलेलं माणूस असंच बोलतं. वेळ न दवडता...'"

"ते खोटं आहे रे! मी मनाने लिहिलं ते. फोन यावेत म्हणून लिहिलं."

"अगं, तूच लिहिलंयस. किती लोकांना उपयोग झालाय त्याचा. आत्ता तू घाबरलीयस म्हणून म्हणतेस."

"जाहिरात कुठे गेली?"

"ती मी सकाळीच बंद केली. तू शांत उभी राहा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, मला काय पहिल्यांदा उघडायचंय?"

तिने ओरडून सासऱ्यांना हाक मारली. यंत्र चालूच होतं. तिने दोन्ही हातांनी कडी धरली आणि ओढली. ती आणखी केसभर सरकली, आणि दाराच्या फटीतून पोलादी पट्टीचं टोक आत आलं. तो कामाला पक्का होता. पट्टी न अडखळता कडीखाली गेली. तिला मरणाचं भय वाटलं नाही. तिला एवढंच वाटलं की आता हा दार उघडेल, आत बघेल आणि त्याला वाईटसुद्धा वाटणार नाही. तिला त्याच्यासाठी रडू आलं.

"अरे, थोडा वेळ दे ना," ती म्हणाली.

"हा बघ, आलोच मी," तो प्रेमाने म्हणाला.

कडी वाजली.

पुढे दुकानातलं यंत्र थांबलं. सासरे हात पुसत मागे आले तर मुलगा दारात उभा होता, हातात पट्टी.

"काय उघडतोयस?"

"ही खोली. कडी आपोआप पडली होती."

"आत कोण होतं?"

"कोण असणार? घरात आपण दोघं."

म्हातारा दारातच थांबला. खोलीत टेबल होतं, वाळत घातलेला टॉवेल होता आणि उघड्या लॅपटॉपवर एक अर्धवट पत्र होतं. ते त्याने वाचलं. मुलाकडे बघितलं. काहीतरी विचारायचं होतं, ओठांवर आलं होतं, पण काय ते त्याला आठवेना. तो तसाच उभा राहिला. यंत्र थंड झालं तरी तो पुढे गेला नाही.

तेवढ्यात दुकानातला फोन वाजला. उचलायला कोणी गेलं नाही, म्हणून शेवटी मुलगा धावला. एक बाई बोलत होती. तिचा मुलगा आत होता आणि उघडू नका म्हणत होता.

"तुमचं ते उत्तर वाचलं म्हणून धीर आला," ती म्हणाली. "फार छान लिहिता हो तुम्ही. घरचंच कोणी बोलतंय असं वाटतं. कोण लिहितं हे?"

त्याने क्षणभर विचार केला. एका हाताने पत्ता लिहून घेण्यासाठी वही ओढली.

"कोणी नाही हो," तो म्हणाला. "ते आपोआप वर येतं."